अर्ध्या बॅगेचा की एका बॅगेचा?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या मागे दोन खोल्या वाढवल्या, त्या एकाच कामात मी काँक्रीट कालवायचे दोन्ही मिक्सर वापरले: एका वेळी सिमेंटची अर्धी बॅग घेणारा आणि पुरी बॅग घेणारा. आधी अर्ध्या बॅगेचा, विजेवरचा, विकत घेतलेला. नंतर एका बॅगेचा डिझेलवाला, भाड्याने. रेडीमिक्सचा, म्हणजे ट्रकने येणाऱ्या तयार काँक्रीटचाही विचार झाला होता, पण दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे असलेल्या आमच्या पाणंदीतून तो ट्रक येणार कसा? आणि चार खांबांपुरता माल पाठवणार कोण? विषय तिथेच मिटला.

अर्ध्या बॅगेवाल्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. बटण दाबले की चालू, धूर नाही, दोघे जण ढकलत खळ्यातून परसात नेतात. दुपारी जेवणानंतर आमचा अख्खा वाडा आडवा झालेला असतो. तेव्हाही काम चालायचे आणि कुणी खिडकी आपटली नाही. मे महिन्यात वीज जाते, हे मात्र धरून चला. भरल्या ड्रमसकट बंद पडला की वीज आल्यावर मोटर नुसती घुमते, उचलत नाही. सगळा माल खोऱ्याने उपसून काढायचा. असे दोनदा झाले. तेही सोसले असते.

सोसले नाही ते बॅग फोडणे. 50 किलोची बॅग पुरी ओतली की सिमेंटच्या वजनाचा प्रश्नच उरत नाही; 35 लिटरच्या फर्म्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने, दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी, की झाली एम-20 प्रतीच्या काँक्रीटची एक घाणी, म्हणजे मिक्सरचा एक भरणा. पण अर्धी बॅग म्हणजे नेमकी किती? आमचा कामगार बॅगेच्या पोटावर खोऱ्याने मधोमध वार करायचा आणि जी बाजू मोठी दिसेल तिच्यातून दोन मुठी काढायचा. मग अर्धा फर्मा भरून बघितला. सुटे सिमेंट फुलते, ठोकले की बसते. त्यामुळे माप तेच आणि वजन दर वेळी निराळे. शिवाय उरलेली अर्धी बॅग तोंड वासून पडलेली. इथल्या दमट हवेत दोन दिवसांनी तिच्यात हात घातला तर खडे लागले.

नऊ बाय बारा इंची, दहा फुटी खांबाला साधारण साडेसात घनफूट माल लागतो. अर्ध्या बॅगेच्या तीन-साडेतीन घाण्या. साच्याच्या फळ्या काढल्या त्या सकाळी मेस्त, म्हणजे आमचे गवंडी, काही न बोलता खांबावर हात फिरवत उभे होते. खाली राखाडी, मध्ये फिकट, वर काळपट. "चालतं हो, प्लास्टरखाली जाईल," म्हणाले. पाण्याच्या कमीजास्तीचाही हात असेल त्यात, सगळा दोष बॅगेच्या माथी मारत नाही. पण मला ते तीन पट्टे अजून प्लास्टरखालून दिसतात.

पुढचे खांब एका बॅगेच्या मिक्सरवर केले. बिनहॉपरचा, म्हणजे माल उचलून ड्रममध्ये ओतणारे टोपले नसलेला घेतला. हॉपरवाल्याला टेकायला जागा लागते आणि त्याचे पोट भरायला माणसे. घरच्या कामावर दोन्ही नसतात. आवाज मात्र भयंकर. शेजारच्या काकींनी पहिल्याच दिवशी गडग्यावरून विचारले, "हे किती दिवस चालणार रे?" दुपारी बंद ठेवायचे कबूल करावे लागले. भाड्याचा घेताना ड्रममध्ये डोकावून बघा. आमच्याकडे आधी जो आला, त्याच्या पात्यांवर मागच्या गिऱ्हाइकाचा माल इतका थापला होता की पाती शोधावी लागली. परत पाठवला, अर्धा दिवस बुडाला. पहिल्या घाणीचे सिमेंट ड्रमलाच चिकटते, तेव्हा तीत दहावा हिस्सा जास्त घाला. आणि कामगार कितीही घाई करोत, दोन मिनिटे पुरती फिरू द्या.

गडगा, पायऱ्या, टाकीचा चौथरा एवढेच काम असेल तर अर्ध्या बॅगेचा खुशाल घ्या. माझा अजून तेवढ्यासाठी परसात आहे. काटा ठेवून अर्धी बॅग तोलणारेही असतील, माझ्याकडे तेवढा धीर नाही. खांब-बीम असेल तर मी तरी पुन्हा बॅग फोडणार नाही. फक्त आणण्याआधी फाटक मोजून ठेवा. आमच्या फाटकाचा एक खांब चार बोटे तासावा लागला. चिऱ्याचा होता म्हणून तासला गेला.