गॉस्पेल लायब्ररी ॲप: मॉर्मनांबद्दल ऐकलेलं पडताळून पाहायचं असेल तर

मॉर्मन म्हटलं की लोकांच्या डोक्यात चार गोष्टी पक्क्या बसलेल्या असतात: अनेक बायका, कॉफी बंद, 'जादूची' अंतर्वस्त्रं आणि मेल्यावर प्रत्येकाला स्वतःचा ग्रह. अमेरिकेत निवडणूक आली की पाचवी जोडली जाते: मॉर्मन उमेदवार निवडून आला तर कारभार सॉल्ट लेक सिटीतून, म्हणजे चर्चच्या मुख्यालयातून, चालणार. यातलं खरं किती, यावर बाहेरच्यांनी ढिगानं लिहिलंय. पण चर्च स्वतः आज काय म्हणतं ते थेट पाहायचं तर त्यांचं अधिकृत ॲप, गॉस्पेल लायब्ररी, सगळ्यात सोयीचं पडतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नुसतं वाचायला खातं काढावं लागत नाही. श्रद्धेच्या प्रश्नांसाठी पाचपैकी चार तारे. राजकारणासाठी दोन, आणि तेही हात सैल सोडून दिलेले.

ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. भाषा इंग्रजीच ठेवा. दुसरी निवडली की कपाटातली बरीच पुस्तकं गायब होतात, आणि कामाची नेमकी त्यातच असतात. आत गेल्यावर धर्मग्रंथ, जनरल कॉन्फरन्सची (चर्चच्या सहामाही अधिवेशनाची) भाषणं, इतिहास, नियमपुस्तिका, विषयवार लेख असे खण दिसतात. रोजच्या वापरासाठी केलेलं ॲप असल्यामुळे साप्ताहिक पाठ आणि भजनं पुढे असतात, वादाचं साहित्य दोन-तीन पायऱ्या आत. हवी ती पुस्तकं आधीच डाउनलोड करून ठेवली तर नेट नसतानाही उघडतात. ध्वनी आणि व्हिडिओ मात्र घेऊ नका, फोनची जागा तेच खातात. आपल्या खुणा आणि टिपा दुसऱ्या फोनवरही हव्या असतील तर खातं लागतं. ते सदस्य नसलेल्यालाही मिळतं.

पहिली चूक बहुतेक जण शोधखिडकीतच करतात. तिथे 'मॉर्मन' टाकलं की 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथाचे संदर्भ धबधब्यासारखे कोसळतात आणि हवं ते खाली गाडलं जातं. दुसरं कारण असं की चर्चला हे नावच आता नकोय. 2018 साली तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नाव, म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', वापरण्याचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी जगप्रसिद्ध मॉर्मन टॅबरनॅकल क्वायरच्या नावातूनही 'मॉर्मन' गेलं. गंमत म्हणजे काही वर्षं आधी हेच चर्च 'आय अ‍ॅम अ मॉर्मन' अशी जाहिरातमोहीम चालवत होतं. तेव्हा शोधताना सामान्य शब्द नको, लेखाचं नेमकं नाव टाका. 'गॉस्पेल टॉपिक्स एसेज' या नावाखाली 2013 ते 2015 दरम्यान चर्चनं अडचणीच्या विषयांवर लांबलचक लेख काढले. या ॲपची खरी किंमत त्या लेखांत आहे. ते 'टॉपिक्स अँड क्वेश्चन्स' या खणात आहेत.

ग्रहाचा प्रश्न घ्या. 'बिकमिंग लाइक गॉड' हा लेख उघडा. माणूस अनंतकाळात देवासारखा होऊ शकतो ही शिकवण त्यात सरळ मांडली आहे, लपवलेली नाही. स्वतःच्या ग्रहाच्या व्यंगचित्रात स्वतःला ओळखणारे सदस्य मात्र थोडेच, असं तोच लेख सांगतो. म्हणजे लोकांनी ऐकलेलं साफ खोटं नाही. एका मोठ्या आणि पारंपरिक ख्रिस्ती लोकांना खटकणाऱ्या कल्पनेचा तो चटपटीत सारांश आहे. 'मॉर्मन हे ख्रिस्ती का?' या वादाचं मूळही इथेच आहे: देव, येशू आणि पवित्र आत्मा यांना ते तीन स्वतंत्र व्यक्ती मानतात, एकाच तत्त्वाची त्रयी नव्हे.

बहुपत्नीत्वाचे लेख वाचताना एक पथ्य पाळा: तळटीप सोडायची नाही. कर्टलंड आणि नाउवू या गावांतल्या काळावरचा लेख उघडला तर मजकुरात इतकंच मिळतं की संस्थापक जोसेफ स्मिथचा एकूण किती स्त्रियांशी विवाहबंध (मृत्यूनंतरही टिकतो असं मानलेला, इंग्रजीत 'सीलिंग') झाला ते नक्की सांगता येत नाही, पुरावा तुटक आहे. वाक्याच्या टोकाला छोटा आकडा आहे. तो दाबला की शेवटच्या टिपांत 'काळजीपूर्वक केलेले अंदाज' 30 ते 40 सांगतात. संस्थापकाच्या बायकांचा आकडा टिपेत ढकलणं हा संपादनाचा निर्णय आहे, आणि तो कोणत्या भीतीतून आला हे कळायला फार डोकं लागत नाही. पण न्याय दोन्ही बाजूंना द्यायचा तर हेही सांगायला हवं: हेलन मार किंबॉलचा स्मिथशी विवाहबंध तिला पंधरावं वर्ष लागायच्या काही महिने आधी झाला, ही गोष्ट मात्र टिपेत नाही, मजकुरातच छापली आहे.

आजचं काय? धर्मग्रंथांच्या खणात 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स'च्या शेवटी 'ऑफिशियल डिक्लरेशन 1' आहे. तो बहुपत्नीत्व थांबवणारा 1890 चा जाहीरनामा. अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी काढलेला. त्यानंतरही काही वर्षं, मुख्यतः मेक्सिकोत, नवे असे विवाह होत राहिले आणि 1904 साली दुसरा जाहीरनामा काढावा लागला, हे संबंधित लेखात कबूल केलं आहे. नियमपुस्तिकेच्या 32 व्या प्रकरणात बहुपत्नीत्व केलं तर सदस्यत्वाबद्दल बैठक बोलावणं सक्तीचं आहे. बातम्यांत दिसणारी बहुपत्नीक कुटुंबं वेगळ्या, फुटून निघालेल्या गटांची असतात. ही गल्लत सगळ्यात जास्त होते. मात्र 38 वं प्रकरणही चाळा. पत्नी वारलेल्या पुरुषाला मंदिरात दुसरीशीही अनंतकाळासाठी विवाहबंध करता येतो. हयात स्त्रीला एकाच पतीशी. तेव्हा 'तो विषय 1890 ला संपला' हे वाक्यही पूर्ण बरोबर नाही.

कॉफीचं लवकर आटपतं. 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' कलम 89, साल 1833. मूळ मजकुरात कॉफी हा शब्दच नाही, 'हॉट ड्रिंक्स' आहे. त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा नंतर लावला गेला. कोलावर बंदी नाही. त्याच कलमात मांस जपून खा असंही आहे, त्याबद्दल कुणी कुणाला हटकत नाही. सदस्य श्रद्धेची खूण म्हणून घालतात त्या अंतर्वस्त्रांबद्दल ॲपमधली माहिती मोजकी आहे. मंदिरातल्या विधीचा पूर्ण मजकूर तर मिळणारच नाही. तो छापतच नाहीत.

'रेस अँड द प्रीस्टहूड' हा लेख मात्र ठेवणीतला आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारण्याचं धोरण 1852 साली स्मिथनंतरचा अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यानं जाहीर केलं आणि ते 1978 पर्यंत चाललं. या धोरणामागे जी कारणं एकेकाळी दिली गेली ती चर्च आज नाकारतं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मात्र धोरणच मुळात चूक होतं का, या प्रश्नाला लेख सरळ उत्तर देत नाही. लेखकाचं नाव नाही, इतर लेखांवरही नसतं. त्यामुळे विद्वानाचं मत म्हणून ते उद्धृत करू नका. संस्थेची भूमिका म्हणूनच करा.

आता राजकारण. 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स'चं कलम 134 उघडा. ओहायोतल्या कर्टलंडच्या सभेनं 17 ऑगस्ट 1835 रोजी मंजूर केलेलं हे शासनाबद्दलचं निवेदन आहे. नवव्या श्लोकात म्हटलंय की धर्माचा प्रभाव नागरी शासनात असा मिसळू नये की एका पंथाचं पोषण होईल आणि दुसऱ्याचे हक्क काढून घेतले जातील. सेक्युलर माणसानंही सही करावी असं वाक्य. मग बाराव्या श्लोकापर्यंत खाली या: मालकांच्या इच्छेविरुद्ध गुलामांना उपदेश किंवा बाप्तिस्मा देणं योग्य नाही. दोन्ही श्लोक एकाच पानावर आहेत. राजकीय चर्चेत पहिला नेहमी येतो, दुसरा कधीच नाही.

यानंतर पुन्हा 'ऑफिशियल डिक्लरेशन 1'कडे जा आणि खाली जोडलेले उतारे वाचा. वुड्रफ म्हणतात, माझ्यासकट कोणत्याही अध्यक्षाला तुम्हाला वाट चुकवू देणं ईश्वर कधीच होऊ देणार नाही. मॉर्मन उमेदवार नको म्हणणाऱ्यांची सगळी भीती या वाक्यात आहे: संदेष्टा मानलेला अध्यक्ष चुकत नाही, मग सिनेटर कुणाचं ऐकणार? उलट बाजूचा पुरावाही याच ॲपमध्ये सापडतो. ऑक्टोबर 2019 च्या कॉन्फरन्समधलं नेल्सन यांचं समारोपाचं भाषण काढा. मंदिर प्रवेशाच्या मुलाखतीत विचारायचे सगळे प्रश्न त्यांनी त्यात वाचून दाखवले आहेत. उत्पन्नाचा दशांश देता का, अध्यक्षाला संदेष्टा मानता का, चर्चच्या शिकवणीविरुद्ध काही पसरवता का. पण पक्ष कोणता, मत कुणाला, असा प्रश्न त्यात नाही. सिनेटमधले बहुमताचे माजी नेते हॅरी रीड डेमोक्रॅट आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार राहिलेले मिट रॉम्नी रिपब्लिकन, दोघेही याच चर्चचे. हे कोडं प्रश्नांची ती यादी वाचल्यावर बरंच सुटतं.

नियमपुस्तिकेचं 38 वं प्रकरण इथे पुन्हा लागतं. चर्च पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देत नाही, इमारती आणि सदस्यांच्या याद्या प्रचाराला वापरता येत नाहीत. पूर्वी या पुस्तिकेचा एक भाग फक्त अधिकाऱ्यांच्या हातात असे. 2020 पासून ती सगळ्यांना खुली आहे, ही मोठी सुधारणा. पण तटस्थतेच्या भूमिकेला एक शेपूट आहे: नैतिक प्रश्नांवर बोलण्याचा हक्क चर्च राखून ठेवतं. नैतिक कोणता आणि राजकीय कोणता हे ठरवणारही तेच. खरी मेख इथे आहे, आणि ॲप नेमकं इथेच गप्प होतं.

1970 च्या दशकात स्त्रीपुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला विरोध, 1981 साली युटा-नेवाडाच्या वाळवंटात एमएक्स ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवायला विरोध, 2008 साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह रोखणाऱ्या प्रॉपोझिशन 8 साठी सदस्यांना वेळ आणि पैसा द्यायचं आवाहन, मग 2022 साली समलिंगी विवाहांना केंद्रीय मान्यता देणाऱ्या, पण धार्मिक स्वातंत्र्याची तरतूद असलेल्या रिस्पेक्ट फॉर मॅरेज अ‍ॅक्टला पाठिंबा. तटस्थता प्रत्यक्षात कशी दिसते ते या प्रसंगांवरून कळतं. अशी अलीकडची निवेदनं चर्चच्या न्यूजरूम या वेगळ्या संकेतस्थळावर शोधावी लागतात, लायब्ररीत नाही. जून 2023 चं पत्रही तिथेच वाचा: परंपरेनं डोळे मिटून एकाच पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देणं लोकशाहीला धोक्याचं आहे, असं अध्यक्षमंडळानं त्यात लिहिलंय. रिपब्लिकनांचा गड समजल्या जाणाऱ्या युटाच्या चर्चकडून हे येणं लहानसहान नव्हे.

जुन्या इतिहासात ॲप पुन्हा बरं चालतं. चर्च इतिहासाच्या विषयांत 'काउन्सिल ऑफ फिफ्टी' (स्मिथनं राजकीय कामासाठी नेमलेली परिषद) शोधा. 1844 साली जोसेफ स्मिथ स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता तो काळ कळतो. 'अँटीपॉलिगमी लेजिस्लेशन'मध्ये काँग्रेसनं चर्चची कशी कोंडी केली ते आहे. 1887 च्या एडमंड्स-टकर कायद्यानं चर्चची मालमत्ता जप्तीला आली आणि तीन वर्षांत जाहीरनामा निघाला. हे वाचल्याशिवाय रीड स्मूटचं प्रकरण समजत नाही. चर्चचा प्रेषित, म्हणजे सर्वोच्च नेत्यांपैकी एक, असलेला हा माणूस 1903 साली सिनेटवर निवडून गेला आणि त्याला बसू द्यायचं का यावर 1904 पासून सुनावणी चालली. 1907 साली त्याची जागा कायम झाली. शंभर वर्षांनी, डिसेंबर 2007 मध्ये, रॉम्नींनी टेक्सासमध्ये श्रद्धेवर खास भाषण दिलं तेव्हा 'मॉर्मन' हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. राज्यघटनेचं सहावं कलम पदासाठी धर्माची अट घालू देत नाही, पण मतदाराला मनातली अट घालण्यापासून कोण अडवणार?

मर्यादा आणखी दोन. कॉन्फरन्सची भाषणं 1971 पासूनचीच आहेत. ब्रिगहॅम यंगची जी वाक्यं विरोधक पुन्हा पुन्हा फेकतात ती 'जर्नल ऑफ डिस्कोर्सेस' या जुन्या प्रवचनांच्या संग्रहातली. तो संग्रह ॲपमध्ये नाही. म्हणून शोधून सापडलं नाही याचा अर्थ कुणी बोललंच नव्हतं असा काढू नका. आणि नियमपुस्तिका वरचेवर बदलते, पोटकलमांचे क्रमांकही सरकतात. उतारा घेताना पाहिल्याची तारीख सोबत लिहा.

वादात पुरावा द्यायचा असेल तर स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. परिच्छेदावर बोट दाबून धरा, निवडा, शेअर करा. जी लिंक तयार होते ती समोरच्याकडे ॲप नसलं तरी चर्चच्याच संकेतस्थळावर नेमक्या त्या परिच्छेदापाशी उघडते. तळटिपेतला आकडा दाखवायचा असेल तर मात्र 'खालची टीप दाब' असं वेगळं सांगावं लागतं.