ओर्झो, चीज आणि पालेभाजी: आठ महिने, अकरा पुड्या

गेल्या सप्टेंबरात घराजवळच्या तुर्की दुकानातून पहिली पुडी आणली. तिच्यावर ‘अर्पा शेहरिये’ लिहिलं होतं. सुपरमार्केटात हाच जिन्नस ‘क्रिथाराकी’ नावानं मिळतो, इटालियन मालाच्या फळीवर ‘रिझोनी’ होतो, आणि इंटरनेटवर सगळे त्याला ‘ओर्झो’ म्हणतात. गंमत म्हणजे अर्पा, क्रिथाराकी आणि ओर्झो या तिन्ही नावांच्या मुळाशी जव आहे, रिझोनीच्या मुळाशी तांदूळ आहे, आणि पुडीत यातलं काहीच नाही. आत असतो डुरम गव्हाचा रवा, तांदळाच्या दाण्याच्या आकारात वळलेला, म्हणजे खरं तर पास्ता. खुद्द इटलीत दुकानदाराकडे नुसतं ‘ओर्झो’ मागितलंत तर खरोखरचं जव पुढ्यात येईल.

आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. बायको शाकाहारी, मुलगी आठ वर्षांची आणि पालेभाजीचा एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला लावणारी. मंगळवार आणि गुरुवारचा स्वयंपाक माझ्याकडे. ऑफिसातून सहाला घरी, साडेसातला जेवण, आणि शक्यतो एकाच भांड्यात. या गरजेपोटी ओर्झो घरात शिरला. आजपर्यंत अर्ध्या किलोच्या अकरा पुड्या संपल्यात, म्हणजे आता बरं-वाईट बोलायला हरकत नाही.

पहिल्या दोन पुड्या वाया गेल्या म्हटलं तरी चालेल. दिसतो तांदूळ, म्हणून मी तो तांदळासारखाच हाताळला. तीन पाण्यांतून धुतला, दुप्पट पाणी घातलं आणि कुकरला दोन शिट्ट्या दिल्या. झाकण उघडलं तर आत पतंगाला कागद चिकटवायची खळ. पळी उभी राहत होती. त्यात मी वरून पालक आणि किसलेलं चीज ढकललं, आणि मुलगी म्हणाली, “बाबा, हे सिमेंट आहे का?” दुसऱ्या खेपेला कुकर सोडला, पण भातासारखंच झाकण ठेवून मंद आचेवर ठेवला. खाली करपला, वर कच्चा राहिला.

कारण नंतर ध्यानात आलं. पाण्यात पडताच दाण्याच्या अंगचा स्टार्च सुटायला लागतो. तांदळाचा मोकळा भात न ढवळता होतो. इथे ढवळलं नाही तर दाणे एकमेकांना आणि बुडाला धरतात. आणि धुतल्यानं तर उलटंच होतं: ज्या पिठूळपणावर पुढे चीज धरायचं असतं तो नळाखाली वाहून जातो, वर दाणा बाहेरून भिजून चिकट होतो तो वेगळाच.

गाडी रुळावर आली ती ऑफिसातल्या एका ग्रीक सहकारीण बाईंमुळे. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातला गोळा पाहून त्यांनी विचारलं, “आधी परतला होता का?” परतायचा? त्यांच्याकडे क्रिथाराकी मटणाच्या रश्शाबरोबर मातीच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये शिजवतात, त्याला युवेत्सी म्हणतात. पण साधं काही करायचं असलं तरी दाणा आधी स्निग्धात परतायचा. तुर्की घरांत पुलावासाठी हाच दाणा लोण्यात तांबूस करून मग त्यात तांदूळ टाकतात, हे मला दुकानातल्या काकांनीही सांगितलं होतं, पण तेव्हा मी मान डोलावली आणि विसरलो.

लाज वाटली ती याची की हे मला शिकवावं लागलं. आपण उपम्याचा रवा भाजतो, शेवया भाजतो. गव्हाचा बारीक जिन्नस पाण्यात जाण्याआधी भाजायचा, हे ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय त्याला ओर्झो अवघड जायचं कारणच नाही. मी फक्त त्याला चुकीच्या डब्यात ठेवला होता, तांदळाच्या.

आता माझी रीत अशी बसली आहे. अडीच माणसांना २५० ग्रॅम ओर्झो. चमचाभर लोणी आणि तेवढंच ऑलिव्ह तेल, मध्यम आच, चार-पाच मिनिटं परतणं. सगळे दाणे लाल करायचे नाहीत; तिसरा हिस्सा बदामी झाला आणि भाजलेल्या रव्याचा वास सुटला की बस. मग ठेचलेला लसूण, अर्धं मिनिट. मग कडकडीत ६०० मिली पाणी एकदम. रिसोटोसारखं (तो इटालियन मऊ भात) पळीपळीनं घालूनही पाहिलं, चार वेळा. फरक माझ्या जिभेला कळला नाही आणि हात मात्र दुखला. दर मिनिटाला एकदा बुडापासून ढवळायचं, तेवढं पुरतं. दहा मिनिटांत दाणा शिजतो. या टप्प्यावर मिश्रण मुगाच्या आसट खिचडीइतकं सैल दिसलं पाहिजे. भांड्यात ‘छान घट्ट’ झालं असेल तर ताटात जाईपर्यंत त्याचा गोळा होणार, कारण दाणा पाणी प्यायचं थांबत नाही.

पुडीवरच्या वेळेवर मात्र विश्वास ठेवू नका. एका दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडवर १२ मिनिटं छापलं होतं, आणि नवव्या मिनिटाला दाणा फुटून लापशी झाली. सातव्या मिनिटापासून एकेक दाणा चावून बघायचा, मधोमध किंचित कणी लागली पाहिजे.

आता चीज. इथे माझे सर्वांत जास्त पैसे बुडाले. सुरुवातीला पाकिटातलं तयार किसलेलं एमेंटाल उकळत्या ओर्झोवर ओतायचो. त्याच्या तारा निघायच्या, पळीला दोरखंड लटकायचा, आणि भांड्यात तेल वेगळं तरंगायचं. उकळत्या भांड्यात चीजमधली प्रथिनं आवळून घट्ट होतात आणि चरबी बाहेर सोडतात, म्हणून हे होतं. उपाय साधा: आच बंद, दोन मिनिटं थांबा, मग चीज थोडं थोडं. इथल्या काचेच्या विजेच्या शेगडीचा एक सापळा मात्र लक्षात ठेवा. बटण फिरवलं म्हणजे आच गेली असं नाही, काच बराच वेळ धगधगत राहते. भांडं उचलून लाकडी पाटावर ठेवायचं. आम्ही पोळपाटच वापरतो.

कुठलं चीज? दोन कामांसाठी दोन. ओर्झोला मलईदार करायला दोन चमचे क्रीम चीज आणि मूठभर किसलेलं कडक चीज. शाकाहारी घरांनी इथे थांबून पाकीट वाचावं. पार्मिजानो रेज्जानो हे नाव मिरवणारं चीज नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनंच विरजलेलं असतं, त्यामुळे ते शाकाहारी असूच शकत नाही. जर्मन पाकिटावर रेनेटला ‘लाब’ म्हणतात. ‘मिक्रोबिएलेस लाब’, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट, असं लिहिलेलं तशाच चवीचं कडक चीज मिळतं, आम्ही ते आणतो. बायकोला हे तिसऱ्या महिन्यात कळलं आणि पहिल्या दोन महिन्यांचा हिशेब मला अजूनही अधूनमधून ऐकावा लागतो.

दुसरं काम खारट-आंबट चवीचं, ते फेटाचं. (आईला फोनवर सांगितलं, “आज फेटा घातलाय.” ती म्हणाली, “डोक्याला की भाजीत?”) फेटा वितळत नाही, नुसता मऊ पडतो, म्हणून तो ढवळायचा नाही, ताटात वाढल्यावर वरून चुरायचा. मेंढीच्या दुधाचा, हवं तर त्यात ३० टक्क्यांपर्यंत शेळीचं दूध, आणि ग्रीसमधलाच, तरच युरोपात त्याला फेटा म्हणता येतं; २००२ पासून हे नाव राखीव आहे. गाईच्या दुधाचा जो पांढरा ठोकळा शेजारी स्वस्तात असतो तो ‘हिर्टेनकेझे’ नावानं विकतात. मी दोन्ही भरपूर वापरले. गाईचा चालतो, पण रबरासारखा दाताखाली येतो आणि आंबटपणा कमी. एक मात्र दोन्हींना लागू: ओर्झोच्या पाण्यात मीठ निम्मंच घाला. मी हे तीनदा विसरलो.

पनीरही घालून पाहिलं. नको. पनीर वितळत नाही आणि फेटासारखी चवही देत नाही, नुसतं मध्ये बसून राहतं.

पालेभाजीबद्दल बोलायला मला सर्वांत आवडतं, कारण ऋतूप्रमाणे ताट बदलत गेलं. पालक बारमाही. ताजा असेल तर दोनशे ग्रॅमची मोठी पिशवी आणि शिजून हातात येते जेमतेम मूठ, म्हणून आठवड्याच्या दिवसांत मी गोठवलेला पानांचा पालक वापरतो. तो पिळणं अत्यावश्यक. ४५० ग्रॅमच्या खोक्यातून मी एकदा मोजून पाऊण वाटी हिरवं पाणी काढलं; ते भांड्यात गेलं असतं तर सगळं गणितच चुकलं असतं. शिवाय पालक-चीज खाल्ल्यावर दातांवर खडूचा थर बसल्यासारखं वाटतं ना, ते पालकातल्या ऑक्झॅलिक ॲसिडचं काम. आधी उकळून, पाणी टाकून, पिळून घेतला की पुष्कळ कमी होतं. लिंबू मात्र ताटातच पिळा. भांड्यात आधी पिळलं की आंबटानं हिरवा रंग मरतो आणि पाला शेवाळी दिसतो.

थंडीत ग्र्यूनकोल आणला, म्हणजे इथला कुरळ्या पानांचा केल. चिवट. ओर्झोच्या दहा मिनिटांत तो शिजत नाही, आधी वेगळा पंधरा मिनिटं वाफवावा लागतो, आणि मग एका भांड्याचा मुद्दाच संपला. मानगोल्डची (म्हणजे स्विस चार्डची) देठं माठाच्या देठांसारखी बारीक चिरून लसणाबरोबर आधी परतली आणि पानं शेवटी घातली, तेव्हा फार छान झालं. मार्च-एप्रिलमध्ये बेअरलाउख येतो, लसणाच्या वासाचा रानपाला. लोक जंगलात जाऊन तोडून आणतात, मी बाजारातलाच घेतो. कारण त्याच्यासारखीच दिसणारी लिली ऑफ द व्हॅलीची पानं विषारी असतात, आणि वासावरून ओळखावं म्हटलं तर एकदा बेअरलाउख चुरगाळल्यावर बोटांनाच लसणाचा वास लागतो. मग हातात येईल ते पान लसणासारखंच वाटतं.

पण या सगळ्यांवर कडी केली ती शेपूनं. हो, शेपू. लहानपणी ज्याच्या वासानं मी स्वयंपाकघरातून पळायचो, तीच जुडी इथे ‘डिल’ म्हणून ऐटीत उभी असते. ग्रीक लोक पालक आणि तांदळाचा स्पानाकोरिझो करतात, त्यात शेपू आणि लिंबू हमखास. तेच मी ओर्झोत केलं: दोन भाग पालक, अर्धा भाग बारीक चिरलेला शेपू, पातीचा कांदा, वर फेटा. शेपूचा उग्रपणा चीजमध्ये विरतो आणि मागे नुसती गोडसर झुळूक राहते. मुलीनं पहिल्यांदाच वेचणं थांबवलं. इतका बारीक चिरलेला शेपू वेचता येत नाही, हे खरं कारण असावं.

शिळ्या ओर्झोबद्दल स्पष्ट सांगतो: डब्याला नेऊ नका. सकाळपर्यंत त्याची वडी पडते. कढत दूध किंवा पाणी घालून सैल होतो, पण दाणा तोवर फुगून मिळमिळीत झालेला असतो. शिळ्या भाताच्या थाटात मोहरी-हिंगाची फोडणी दिली, तर चीज तव्याला लागलं आणि पीठ झालं. त्यापेक्षा त्यात दोन चमचे बेसन आणि हिरवी मिरची मळून टिक्क्या थापा आणि तव्यावर खरपूस भाजा. गुरुवारच्या उरलेल्याचं शुक्रवारी हेच होतं, आणि आता मी गुरुवारी मुद्दाम जास्त करतो.

एप्रिलपासून आई आमच्याकडे आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं फडताळ लावायला काढलं आणि ओर्झोची बरणी हातात घेऊन थबकली. चार दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर केला. “अरे, हे तर गव्हले आहेत. कुणी वळले?” मशीन, म्हणालो. तिचा विश्वास बसेना. तिनं एक दाणा चिमटीत धरून टोकं दाखवली, दोन्हीकडे निमुळती. त्यांच्याकडे साताऱ्यात लग्नघरी बायका जमून रव्याच्या कणकेचे गव्हले बोटांच्या चिमटीत वळायच्या, तासन्‌तास, परातीच्या कडेला सुपारीएवढी कणीक चिकटवून. माझ्या आत्याच्या लग्नातले गव्हले तिनं स्वतः वळलेत. आठ महिने मी जे तांदळाशी आणि रव्याशी ताडून पाहत होतो, त्याला आपल्याकडे नेमका शब्द होता आणि मला तो आठवला नव्हता.

त्याच संध्याकाळी तिनं खीर केली. तुपात बदामी परतलेला ओर्झो आधी पाण्यात पूर्ण शिजवला, मग दूध, वेलची, आणि साखर अगदी शेवटी, कारण साखर आधी पडली की दाणा शिजायचा थांबतो. घरच्या गव्हल्यांपेक्षा याला वेळ जास्त लागतो आणि दाणा दाताला थोडा जास्त लागतो, असं तिचं मत. माझं मत विचारात घेतलं गेलं नाही.

विकत घ्यावा का? आठवड्यातून दोनदा घाईचं जेवण लागत असेल आणि गरम गरम खाणारी माणसं घरात असतील, तर जरूर. डब्यासाठी हवा असेल तर नको. मधुमेहामुळे भात कमी केलेल्यांनी ‘हा भात नाही’ म्हणून फसू नये. हा मैद्याचा सख्खा भाऊ नसला तरी शेवटी गव्हाचा पास्ताच आहे. आणि पाच तारे देणाऱ्यांनी तो कुकरला लावून बघावा. माझ्याकडून चार.

परवा रविवारी आईनं थोडी कणीक भिजवून मुलीला गव्हले वळायला बसवलं. वाळल्यावर चार गव्हले आणि चार ओर्झो तिच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, “ओळख बघू कुठले कुठले.” मुलीनं आठही तोंडात टाकले, चावले, आणि सांगितलं, “आजी, दोन्ही कच्चे.”