होलीचं झाड घेताना नर-मादी सांगून देणारी नर्सरी

५ पैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

आम्ही डेलावेअरला राहतो, आणि अमेरिकन होली, म्हणजे काटेरी पानांचं आणि लाल बेरीजचं सदाहरित झाड, इथलं स्टेट ट्री आहे, १९३९ पासून. त्यामुळे घर घेतल्यावर होली लावायचीच होती, पण सुरुवात केली विंटरबेरीपासून, म्हणजे होलीचाच एक प्रकार, हिवाळ्यात पानं गळून नुसत्या लाल बेरीज राहतात ती. एका मोठ्या दुकानातून ‘विंटर रेड’ या जातीची तीन झाडं आणली, टॅगवर बेरीजचा सुंदर फोटो, आणि तीन वर्षं एक फळ नाही! झाडं छान वाढली, जूनमध्ये बारीक पांढरी फुलंही यायची, पण पुढे काहीच नाही. खूप वाईट वाटायचं.

मग कोणीतरी ही फक्त नेटिव्ह, म्हणजे इथल्या मूळच्या झाडांची नर्सरी सुचवली. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, जवळपास नर आहे का? होलीचं आपल्या पपईसारखं असतं, नर झाड वेगळं आणि मादी वेगळं. मी फुलांचा फोटो दाखवला तर त्यांनी झूम करून दाखवलं, मधोमध हिरवा गोळा आहे म्हणजे मादी, नराच्या फुलात पिवळे परागकण दिसतात. माझी तिन्ही मादी. आणि कुठलाही नर चालत नाही बरं का, दोघं एकाच वेळी फुलायला हवेत. ‘विंटर रेड’ उशिरा फुलते म्हणून तिला ‘सदर्न जेंटलमन’ लागतो, लवकर फुलणाऱ्या ‘रेड स्प्राइट’ला ‘जिम डॅंडी’. एक नर तिघींना भरपूर पुरतो, फक्त फार लांब लावायचा नाही, कारण सगळं काम मधमाश्यांवर आहे. पुढच्या जूनमध्ये चौघं एकदम फुलले आणि त्या ऑक्टोबरमध्ये फांद्या लालेलाल. जानेवारीच्या शेवटी रॉबिन पक्ष्यांचा थवा आला आणि दोन दिवसांत झाडं साफ केली, मी खिडकीतून हललेच नाही. (या बेरीज माणसांनी खायच्या नाहीत, घरात लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.)

त्यांनी मागची शेडही दाखवली, मला तर तेच सगळ्यात आवडलं. बहुतेक झाडं ते कटिंगपासून करतात, कारण अमेरिकन होलीचं बी रुजायला दीड ते तीन वर्षं लागू शकतात, आणि रुजलं तरी फूल येईपर्यंत नर की मादी कळत नाही. कटिंग मात्र हुबेहूब आईसारखं. विंटरबेरीची कोवळी फांदी जून-जुलैत, अमेरिकन होलीची जरा निबर झालेली उन्हाळा संपताना, टोकाला रूटिंग हॉर्मोन (मुळं फुटायला मदत करणारं औषध) लावून पीट आणि परलाइटच्या हलक्या मिश्रणात खोचायची आणि वर सतत बारीक फवारा. मुळं फुटली तरी पहिला हिवाळा ते रोपं हलवत नाहीत, आडोशाला ठेवतात. इतकी काळजी घेतात म्हणून प्रत्येक पॉटवर नाव आणि नर-मादी खात्रीने लिहिलेलं असतं.

अर्धा स्टार कापला कारण नर झाडं लवकर संपतात, मला एकदा रिकाम्या हाताने परत यावं लागलं. आणि अमेरिकन होलीची रोपं लहानच मिळतात, ती मुळातच सावकाश वाढते, लगेच मोठं झाड हवं असेल तर इथे नाही मिळणार. माती आम्लधर्मी लागते, ते ते स्वतःहून विचारतात.

जाणार असाल तर जूनमध्ये जा, आणि आधीची होली असेल तर फुलं आलेली एक फांदी सोबत घेऊन जा.