कोलकात्याचा बारापासॉरस: नक्की बघा

जीवाश्मांवरच्या एका परिषदेला कोलकात्याला गेलेलो, दोन दिवस नुसती प्रेझेंटेशन्स, काही भारी काही जाम लांबलेली, पण एक दुपार काढून बरानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं जिऑलॉजी म्युझियम बघितलं आणि ट्रिप वसूल झाली! संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर, हेच आधी खरं वाटेना. आत शिरलं की समोर बारापासॉरस टागोराय, जुरासिकच्या सुरुवातीच्या काळातला, सांगाडा उभा. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय, आणि मांडीचं हाडच साधारण 1.7 मीटर आहे, म्हणजे माझ्याएवढं!! टागोरांचं नाव का, तर ही हाडं काढली तेव्हा 1961, त्यांचं जन्मशताब्दी वर्ष. सुमारे 300 हाडं मिळाली, किमान सहा प्राण्यांची, पण कवटी नाहीच, थोडे दात सापडले फक्त.

मला सगळ्यात भिडलं ते म्हणजे हा सापडला प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या शेजारीच, तिथल्या वडधमला त्याच खडकांमधले जीवाश्म आहेत आणि आपल्याकडे किती जणांना माहितीये? मुलांना घेऊन जा, जायच्या आधी वेळ नि परवानगी विचारून घ्या. माझ्याकडून पाचपैकी पाच.