साफ-इन्स्टंट गोल्ड: गोड पावाचं यीस्ट

बन किंवा ब्रिओशच्या (लोणी-अंड्याचा फ्रेंच पाव) पिठात साखर मैद्याच्या 10 टक्क्यांवर गेली की साधं यीस्ट रेंगाळतं. साखर पेशीतलं पाणी बाहेर ओढते, पेशी आक्रसते, हॉग1 हे प्रथिन जागं होतं आणि आत पाणी धरून ठेवणारं ग्लिसेरॉल पुरेसं साठेपर्यंत पीठ ढिम्म. गोल्डच्या वाणात इन्व्हर्टेज, म्हणजे साखर फोडणारं विकर, कमी. साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज सावकाश होतं, ताण एकदम चढत नाही. 500 ग्रॅम मैद्याला 75 ग्रॅम साखर असेल तर 7 ग्रॅम पुरे. कोरडंच मैद्यात मिसळा. साखरेच्या घट्ट पाण्यात भिजवलंत तर जादा पैसे वाया. बिनसाखरेच्या पावाला साफचं लाल पाकीट, म्हणजे साधं यीस्टच बरं, तिथे गोल्ड मंद. अर्ध्या किलोचं पाकीट घरी लवकर संपत नाही. फोडल्यावर हवाबंद डब्यात, फ्रीजरमध्ये.