रिमेन इन लाइट: काही महिने वाजवून झाल्यावर

टॉकिंग हेड्सचा हा अल्बम गेल्या पावसाळ्यात एलपीवर घेतला. त्याआधी फोनवर येता-जाता कानावरून गेला होता, पण तेवढंच. आता उन्हाळा लागलाय आणि रेकॉर्ड अजून प्लेअरच्या शेजारीच टेकवलेली आहे. आमच्याकडे नवी रेकॉर्ड महिन्याभरात कपाटात जाते. ही गेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कचे चौघं. गाणारा आणि गिटार वाजवणारा डेव्हिड बर्न, बेसवर टीना वेमथ, ड्रम्सवर तिचा नवरा क्रिस फ्रँट्झ, कीबोर्ड आणि गिटारवर जेरी हॅरिसन. निर्माता ब्रायन ईनो. हा त्यांचा चौथा अल्बम, ऑक्टोबर १९८० चा. आठ गाणी, सगळी मिळून ४० मिनिटांच्या आसपास.

आता मुख्य मुद्दा. हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना कंटाळा येतो, आणि त्याला सबळ कारण आहे. आपला कान मुखडा-अंतऱ्याला सरावलेला. मुखडा झाला की सूर वर चढणार, मग परत खाली येणार, हे आपण गृहीत धरतो. इथे सूर कुठेच जात नाही. अख्खं गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडग्यावर, उभं असतं. बर्न आणि ईनो त्या काळात नायजेरियाच्या फेला कुटीच्या संगीताने झपाटले होते. बहामामध्ये नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत बँड गेला तेव्हा हातात तयार गाणी नव्हती. एक ठेका धरायचा, तो वाजवत राहायचं, त्यावर दुसरं वाद्य, मग तिसरं, असे थर चढवायचे. नंतर मिक्सिंगला बसून कुठले थर कधी उघडायचे आणि कधी बंद करायचे हे ठरवायचं. गाण्याचे जे भाग आपल्याला ऐकू येतात ते असे बनलेत. चाली आधी अर्थहीन बोलांवर बसवल्या, शब्द मागाहून आले.

हे कळल्यावर ऐकायची पद्धत बदलते. पुढे काय येणार याची वाट बघायची नाही. एका वेळी एकच वाद्य धरायचं आणि शेवटपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. ‘बॉर्न अंडर पंचेस’ मी बरेच दिवस फक्त बेससाठी लावत होतो. बेस काही ग्रेट करत नाही, चार सूर टाकतो आणि मधे गप्प बसतो, पण त्या गप्प बसण्यातच सगळी गंमत आहे. मग कधीतरी लक्ष त्या गिटारकडे गेलं, जी गिटार वाटतच नाही, यंत्र बिघडल्यासारखी टिपटिपत असते. शेवटी तर तीन वेगवेगळ्या ओळी एकमेकींवर चढतात आणि कुणाला धरावं तेच कळेनासं होतं. अजूनही दर वेळी एखादा सूर पहिल्यांदा सापडतो.

‘द ग्रेट कर्व्ह’ हे माझ्या मते या अल्बमचं शिखर. मुख्य गायक आणि मागचे आवाज यांचं नातं इथे गोंधळातल्या गोंधळी-झीलकऱ्यांसारखं आहे: झील धरणारे नुसती साथ करत नाहीत, मुख्य गाणाऱ्याला ढकलत पुढे नेतात. नोना हेंड्रिक्सचा आवाज याच गर्दीत आहे. आणि मग एड्रियन बेल्यूची गिटार! तो बँडचा सभासद नव्हता, पाहुणा होता. पण दोनदा असा काही घुसतो की चिडलेला हत्ती स्टुडिओत शिरला की काय असं वाटतं. दुसऱ्या वेळी गाणं तिथेच विरत जातं. साडेसहा मिनिटं आहेत, मला कमी वाटतात.

‘वन्स इन अ लाइफटाइम’ सगळ्यांना ठाऊक असतं. सूट घातलेला, घामाघूम झालेला, झटके देत नाचणारा बर्न व्हिडिओत पाहिलेला असतो. बोलायची धाटणी त्याने अमेरिकेतल्या रेडिओवरच्या प्रवचनकारांकडून उचलली. मला यातली दुसरीच गोष्ट आवडते. असं सांगतात की ठेका ऐकताना ईनोला सम भलत्याच मात्रेवर ऐकू येत होती, आणि ते दुरुस्त करायच्या ऐवजी त्यांनी तो घोळ तसाच ठेवला. तबला ऐकणाऱ्यांनी हे गाणं हाताने ताल धरून ऐकावं. पाण्यात उभं असल्यासारखं का वाटतं ते समजेल.

दुसऱ्या बाजूला ‘हाउसेस इन मोशन’मध्ये जॉन हॅसलचा ट्रम्पेट आहे. हा माणूस किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकलेला. त्यामुळे इथला ट्रम्पेट जॅझसारखा चमकत नाही, मींड घेत सरकतो, थोडा घोगरा, थोडा माणसाच्या गळ्यासारखा. लहानपणापासून घरात भीमसेनजी ऐकलेल्या माणसाला नासाऊ-न्यूयॉर्कच्या रेकॉर्डवर किराण्याचा अंश सापडावा, याची मला अजून मजा वाटते. हे मी आधी वाचलं आणि मग ऐकलं, त्यामुळे माझा कान पक्षपाती असू शकतो. तुम्हीच ऐकून ठरवा.

यानंतर मात्र माझी कुरकुर सुरू होते. ‘सीन अँड नॉट सीन’ म्हणजे गद्य आहे. एक माणूस मनात धरलेल्या चेहऱ्याकडे वर्षानुवर्षं आपला चेहरा वळवत नेतो, अशी गोष्ट. ती छानच आहे, पण महिन्यातून एकदा. ‘लिसनिंग विंड’ त्याहून अवघड. आपल्या मुलखात आलेल्या अमेरिकनांवर चिडलेला मोजिक नावाचा माणूस पोस्टाने बाँब पाठवतो आणि गाणं त्याला दोष देत नाही, त्याच्या डोळ्यांनी वारा ऐकत राहतं. १९८० साली अमेरिकन बँडने हे केलं. दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, तरी सुई उचलत नाही. सुई उचलतो ती शेवटच्या ‘द ओव्हरलोड’ला. जॉय डिव्हिजन हा इंग्लिश बँड न ऐकता, नुसती त्याच्याबद्दलची वर्णनं वाचून, त्याच्यासारखं करायचा हा प्रयत्न म्हणे. कल्पना झकास. प्रत्यक्षात सहा मिनिटांची घरघर. पहिल्या बाजूने जी ताकद दिली ती इथे सगळी गळून जाते.

बर्न आणि ईनोचं नाव या अल्बमच्या कौतुकात सतत येतं. पण महिनोन्महिने ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय की याचा पाया वेमथ-फ्रँट्झचा आहे. बाकीचे थर वर रंगतात ते खालून हे दोघं हलत नाहीत म्हणून. मूळ पाकिटावर श्रेय बर्न, ईनो आणि मग ‘टॉकिंग हेड्स’ असं छापलं गेलं आणि त्यावरून बँडमध्ये वाजलं, ते साहजिकच होतं. पुढच्या आवृत्त्यांत नावं सुटी आली. मुखपृष्ठावर चौघांच्या चेहऱ्यांवर लाल ठोकळे आहेत, ते एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या संगणकांवर केलेले. मागे हिमालयावरून उडणारी लढाऊ विमानं. पाकीट मोठ्या आकारातच बघायला हवं, फोनवरच्या चौकोनात त्याचा जीव जातो.

माझ्या प्रतीबद्दल: ऑनलाइन मागवलेली पहिली रेकॉर्ड कडेला वाकलेली निघाली, पहिल्या गाण्यात सुई डोलायची. विक्रेत्याशी बरीच पत्रापत्री करून बदलून मिळाली. दुसरी स्वच्छ आहे. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर मात्र हा अल्बम लावू नका, बेस आणि ड्रम्सचा नुसता काला होतो. साधे पण चांगले हेडफोन पुरतात. घरी मोठ्याने लावल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “आज कसली मिरवणूक?” हा अभिप्राय मी चांगलाच धरतो.

जोडीला दोन गोष्टी. १९८० च्या शेवटी रोममध्ये झालेल्या कार्यक्रमाचं चित्रण शोधा. नऊ जणांचा ताफा मंचावर आहे आणि रेकॉर्डवरचे थर कोण वाजवतंय ते डोळ्यांनी दिसतं. आणि बेनिनच्या अँजेलिक किजोने २०१८ मध्ये हा अख्खा अल्बम आपल्या पद्धतीने पुन्हा केलाय. आफ्रिकेतून उचललेलं आफ्रिकेतल्या बाईने परत घेतलं! तिचा ‘द ओव्हरलोड’ मला मूळापेक्षा बरा वाटतो.

विकत घेण्याआधी ‘द ग्रेट कर्व्ह’ मोठ्या आवाजात, मधे न थांबता, निदान दोनदा ऐका. पाय हलला नाही तर पैसे वाचवा आणि यांचाच १९७९ चा ‘फिअर ऑफ म्युझिक’ घ्या. त्यात गाणी गाण्यांसारखी आहेत, आणि त्यातलं पहिलं, ‘आय झिम्ब्रा’, आवडलं तर फिरून इकडे यावंच लागेल.