रांझ्याच्या पाटलाचं पत्र: छापील वाचावं की मोडी या जुन्या मराठी लिपीतून?

शिवरायांच्या सुरुवातीच्या पत्रांत सगळ्यांत गाजलेलं हे पत्र २८ जानेवारी १६४६ चं. महाराजांना सोळा पूर्ण व्हायला तेव्हा तीन आठवडे होते. रांझ्याचा पाटील बाबाजी बिन भिकाजी गुजर यानं बदअंमल (गैरवर्तन) केला, त्याचे हातपाय तोडले, एवढं बहुतेकांना पाठ असतं. पण हा कागद मुळात वतनाचा, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचा आहे. बाबाजीची पाटीलकी जप्त झाली आणि त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराला मिळाली. त्यानं बाबाजीचा सांभाळ पत्करला होता. शिक्षा झाली तरी वतन घराण्याबाहेर गेलं नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून नेमकं हेच गळतं, म्हणून तो पर्याय मी धरतच नाही.

राहिले दोन: देवनागरीतलं छापील लिप्यंतर, नाहीतर मुळाचा फोटो समोर ठेवून स्वतः मोडी लावणं.

लेख किंवा व्याख्यान करायचं असेल तर छापीलच घ्या. बिन (अमक्याचा मुलगा), मौजे (गाव), मोकदम (पाटील) हे शब्द एकदा कळले की तासाभरात पत्र उलगडतं. तारखेचा गुंताही संपादकानं सोडवलेला असतो. जुन्या कागदांत शुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो: सित अर्बैन अलफ म्हणजे सहा, चाळीस, हजार, एकूण १०४६. इसवी सनासाठी त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे; जानेवारीतला कागद असेल तर ६००. नवख्याची पहिली चूक इथंच होते.

छापील प्रतीत खटकतं ते वेगळंच. मोडीत आधी आडवी शिरोरेषा ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं सलग जात राहतात. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणजे छापलेल्या ओळीत शब्द जिथं तुटतो, तो संपादकाचा निर्णय असतो. बहुतेक वेळा बरोबर, पण निर्णयच. माझ्या पाहण्यातल्या एका घरच्या इनामपत्राच्या टंकलिखित नकलेत १॥। चं १॥ झालं होतं. एक दंड गळला आणि पावणेदोन बिघ्यांचे दीड झाले! रांझ्याच्या पत्रात एखादी वेलांटी चुकल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. घरच्या कागदात होतं.

मुळात आणखी काय दिसतं? मुद्रा. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही अष्टकोनी मुद्रा आणि मजकूर संपतो तिथं 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब, म्हणजे शेवटचा शिक्का. मोर्तबाखाली कुणी ओळ वाढवली तर लगेच कळावं, ही त्यातली सोय. छापील प्रतीत याची जेमतेम कंसातली नोंद उरते. मात्र महाराजांचं हस्ताक्षर बघायला मिळेल या आशेनं मुळाकडे जाऊ नका. मजकूर कारकुनाच्या हातचा असतो.

मोडी शिकायला महिने जातात, आणि वर्गात बहुधा पेशवेकालीन वळण शिकवतात. शिवकालीन वळणाला डोळा सरावायला आणखी वेळ लागतो. एका पत्रासाठी एवढा खटाटोप मी तरी सांगणार नाही. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातल्या या पत्राची छायाचित्रं छापलेली आहेत. लिप्यंतर शेजारी ठेवून पहिल्या चार ओळी लावून बघा, जमतंय का ते कळेल.

घरात वतनाचं दप्तर असेल तर मात्र क्रम उलटा. आधी फोटो काढा, मग जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि आकडे तेवढे स्वतः ताडून बघा. पाठीमागचाही फोटो घ्या. लांब कागद खळीनं (चिकीनं) जोडलेले असतात आणि सांध्यावरचा शिक्का मागच्या बाजूला असू शकतो.